सांबारसाठी घर हवंय – नागपूर – 25 मेच्या आत

लक्ष्मीनगरवाली:
नमस्कार मंडळी, आईच्या कुत्रीबद्दल, सांबारबद्दल पुन्हा लिहितेय, दिवाळीत फोटो बघितले होते त्यांना माहितीच आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन 2 जूनला पक्कं झालं, मग ऑगस्टमध्ये ती इकडे ब्रिटनला आमच्याकडे, म्हणजे घर सहा महिने बंद. आजूबाजूला सगळ्यांना विचारून झालं, दोघांनी हो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हटलं, एकीच्या सासूबाईंना केस चालत नाहीत.
सहा-सात वर्षांची असावी, कॉकर स्पॅनियल, सोनेरी, साडेअकरा किलो. आधी कोणीतरी पिल्लांसाठी वापरून सोडून दिलं असणार असं डॉक्टर म्हणाले. भुंकणं माहीतच नाही तिला, दारावर कोणी आलं की जाऊन त्याच्या पायावर हनुवटी ठेवते बस. लसी झाल्यात, गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय, गोचीडतापाची तपासणी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात करून घेतली, तेही ठीक आहे.
अट एकच. आठवड्यातून एकदा कान साफ करावे लागतात, लोंबते कान आहेत, आत हवा लागत नाही, ओल राहिली की लगेच वास मारायला लागतात. जेवताना आई जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून तिच्या डोक्यावर चढवते म्हणजे कान वाटीत पडत नाहीत. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी कृपया विचारूच नका, मला परत तिसऱ्या दिवशीचं नाही नकोय.

सेक्रेटरी:
वैयक्तिक विषय असेल तर विषयाच्या ओळीत तसं लिहायचं हे सोफ्याच्या प्रकरणानंतर ठरलं होतं. कोणाला दुखवायचं नाही पण मंडळाच्या 140 लोकांना मेल जातो. आणि ढोलांच्या खोळी कोणाकडे आहेत ते अजून कोणीच सांगितलेलं नाही.

कोथरूडकर:
फार गोड आहे हो. पण कुत्रीचं नाव सांबार?? इडली पण आहे का घरात?

वर्धा रोडवाला:
भाऊ सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर कोणी म्हणत नाही, सांबारवडी खाल्ली नाही का कधी, मागच्या संक्रांतीला माझ्या बायकोने केली होती न, तुम्ही चार घेतल्या होत्या. ही गोकुळपेठ मार्केटात सांबारवाल्या मावशीच्या हातगाडीखाली सापडली म्हणून ते नाव.

कोथरूडकर:
ती कोथिंबीरवडी होती असं समजून खाल्ली मी. मग तुम्ही खऱ्या सांबाराला काय म्हणता?

वर्धा रोडवाला:
सांबार.

नवीन मेंबर:
हाय सगळ्यांना, मी मार्चमध्येच जॉइन झालेय. आई इकडे येणारच आहे तर सांबारला पण सोबत आणता येईल ना? इथे ब्रिटनमध्ये तर डॉग्जना किती छान वागवतात.

लायब्ररीवाली ताई:
मी आमच्या मोतीला आणलाय म्हणून सांगते, ऑगस्टपर्यंत होणारच नाही. आधी मायक्रोचिप, त्याच्यानंतरच रेबीजची लस धरतात, चिपच्या आधी दिलेली धरत नाहीत, आम्ही तिथेच फसलो, पुन्हा पहिल्यापासून. लसीनंतर निदान 30 दिवस थांबून रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त लॅबला, रेबीजच्या अँटिबॉडीज निदान 0.5 तरी यायला पाहिजेत, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं कारण भारत इथल्या सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही. वर जंतांचं औषध निघायच्या आधी ठरलेल्या तासांत, भारतातून बाहेर न्यायची सरकारी एनओसी वेगळी, आणि विमानात शेजारी बसवून नाही, इकडे कार्गोतूनच यावं लागतं. मोती उतरला तेव्हा दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता. सहा महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्या आईसाठी एवढं करून परत न्यायचं का तिला? सोडून द्या.

नाशिकची:
ताई, मला वाटतं घर मिळालं!! माझी मावशी, गंगापूर रोडला, रिटायर्ड शिक्षिका, बसकं घर आणि मागे अंगण. त्यांची टिपू थंडीत गेली, तेव्हापासून नुसती साखळी दाराला लटकलेली आहे. फोन केला तर म्हणाली कानांचं काय एवढं, टिपूचे तेरा वर्षं केले. फक्त ती एकटी आहे, नागपूरला येऊन घेऊन जाणं तिला शक्य नाही. कोणीतरी आणून द्यायला हवं.

लक्ष्मीनगरवाली:
मी रडले अक्षरशः. आईला सांगितलं तर ती आधी खूश झाली आणि मग गप्पच बसली. आता न्यायचं कसं? 25 ला नवतपा लागतो, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, कालच 45 होतं.

माजी खजिनदार:
सोपं आहे, संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस पकडायची, नाशिक रोडला उतरायचं. कुत्र्याची पार्सल ऑफिसात पावती होते, डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवलं की झालं. माझ्या वडिलांनी आमचा शेरू भुसावळला असाच नेला होता.

डॉक्टर काका:
कशात नेला होता? ब्रेक व्हॅनमधल्या पिंजऱ्यात ना? तो लोखंडी डबा असतो, त्याला एसी नाही पंखा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतं, बाहेरची हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग नाही. मेमध्ये नागपुरातून पिंजऱ्यात? अजिबात नाही.

माजी खजिनदार:
काका तुम्ही भूल देणारे, ते पण माणसांना. शेरू व्यवस्थित पोचला होता.

डॉक्टर काका:
कोणत्या महिन्यात?

माजी खजिनदार:
डिसेंबर असावा. मुद्दा तो नाही. मग फर्स्ट एसी करा.

बुलडाण्याचा:
फर्स्ट एसीत कुत्रं नेता येते पण पूर्ण कूपे (दोन बर्थची खोली) किंवा पूर्ण केबिन आपल्या नावावर पाहिजे. दोन तिकिटं काढली म्हणजे कूपे मिळते असं नाही, ते चार्ट लागल्यावर कळते. आम्ही दोन तिकिटं काढली अन् एकाला वरची सीट तिसऱ्याच केबिनमध्ये, कुत्रं मांडीवर घेऊन टीसीशी बोलत उभा होतो. सेकंड एसी थर्ड एसीत तर चालतच नाही. आधी अर्ज द्यावा लागते डीआरएम ऑफिसात, म्हणजे रेल्वेच्या विभागीय मॅनेजरकडे.

लक्ष्मीनगरवाली:
अर्ज कोण देणार, आई तर चालू शकत नाही. आणि कोणत्या डीआरएमकडे? आई म्हणते नागपुरात दोन आहेत.

वर्धा रोडवाला:
दोन आहेत, बरोबर बोलून राहिल्या आई. एक मध्य रेल्वेचा अन् एक दक्षिण पूर्व मध्यचा. विदर्भ गोंदियाहून निघते पण गाडी मध्य रेल्वेची, मुंबईला जाते.

माजी खजिनदार:
गोंदिया दक्षिण पूर्व मध्यमध्ये येतं. मग अर्ज तिकडे.

बुलडाण्याचा:
चढणार नागपूरहून न काका, मग मध्यमध्ये. आम्ही दोन्हीकडे दिला होता अन् दोघांनी एकमेकाकडे पाठवला.

माजी खजिनदार:
मी सात वर्षं मंडळाचे चेक सांभाळलेत, मला अर्ज कसा द्यायचा ते कोणी शिकवू नये.

सेक्रेटरी:
रेल्वेची चर्चा कृपया खाजगीत. खोळी!

नवीन मेंबर:
प्लेनने? सॉरी, मी फक्त विचारतेय.

वर्धा रोडवाला:
अरे बाप्पा थांबा सगळे. काल रात्री माझ्या धाकट्या भावाशी बोललो. त्याला तसंही नाशिकला द्राक्षवाल्याकडे मशीन पाहायला जायचं आहे, गाडी आहे, एसी चालू आहे (हे मी दोनदा विचारलं). समृद्धी महामार्गाने रात्री निघायचं, नागपूरजवळ शिवमडक्यापासून चढला की सिन्नरला उतरायचं, मधे गाव नाही सिग्नल नाही. दिवसा नाही म्हणजे नाही, तो सिमेंटचा रस्ता दुपारी तव्यावाणी तापते, माणसाचेच टायर फुटून राहिले तिथे. रात्री दहाला निघेल.

डॉक्टर काका:
हे बरोबर. निघायच्या आधी पोटभर जेवण देऊ नका, दोन-दोन तासांनी पाणी आणि चालवणं. आणि थांबलात तर तिला बंद गाडीत ठेवून चहाला जायचं नाही, रात्री पण नाही.

लक्ष्मीनगरवाली:
दादा, तुमच्या भावाला कुत्री चालते ना? घाबरत वगैरे नाही?

वर्धा रोडवाला:
ताई, तो काऊन घाबरेल. लहानपणी फुटाळा तलावावरून पोट्टं कुत्र्याची पिल्लं खिशात घालून आणत होतं, आमच्या बाबांनी दर वेळी परत सोडायला लावली. पेट्रोलचे पैसे विचारू नका, तो चिडते.

लायब्ररीवाली ताई:
पट्टा नको, अंगात घालायचा हार्नेस घ्या, आणि तो सीटबेल्टला अडकवा. आईच्या अंगावरची एखादी जुनी साडी सोबत द्या, धुतलेली नको.

नाशिकची:
मावशी विचारतेय नाव बदललं तर चालेल का. अंगणात उभं राहून सांबार सांबार हाक मारली तर शेजारच्या काकू भांडं घेऊन येतील म्हणते.

लक्ष्मीनगरवाली:
आई म्हणते बदला, पण पहिला महिना नको, त्या नावालाच ती मान वर करते.

नाशिकची:
ठीक आहे, मावशी तयार आहे. उथळ ताटली काढून उंच, अरुंद तोंडाची वाटी आणली आणि मोजा पण कापून ठेवलाय.

लक्ष्मीनगरवाली:
काल रात्री निघाले. आईने दारापर्यंत वॉकर घेऊन जायचा हट्ट केला, सांबार गाडीत चढली आणि परत उतरली, मग आईने स्वतः मागच्या सीटवर साडी पसरली तेव्हा बसली. गाडी वळेपर्यंत आई उभी होती. मी व्हिडिओ कॉलवर होते, फोन आईच्या हातात उलटा होता, त्यामुळे मला फक्त अंगणातली फरशी दिसली.

वर्धा रोडवाला:
भावाचा मेसेज आला, सिन्नरला उतरले. बाई पूर्ण रस्ता घोरल्या, एकदाच उठल्या, ते पण ह्याने पोह्याचा डबा उघडला तेव्हा.

नाशिकची:
पोचली!! मावशीच्या पायावर हनुवटी ठेवून बसलीये, मावशी उठत नाहीये त्यामुळे चहा अजून झाला नाही.

कोथरूडकर:
पोह्यांवर तर्री होती का?

सेक्रेटरी:
खोळी माझ्याच गॅरेजमध्ये निघाल्या. तर्रीबद्दल खाजगीत लिहा.