विजेतेपदानंतरही खुर्ची डळमळीतच

एकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकाची खुर्ची पक्की, असं म्हणतात; मला ते पटत नाही. एलएसयूचे (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे) मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन बघा. २०१९ च्या हंगामात संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले, जानेवारी २०२० मध्ये विजेतेपद. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, हंगाम संपला की निघायचं, हे ठरलंसुद्धा! टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने, आधी फ्लोरिडा स्टेटला विजेतेपद मिळवून दिलेल्या जिम्बो फिशर यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं, तेही ५१-१० असा सामना जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अर्थात करारापोटी विद्यापीठ त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. जीव तुटतो तो सहायकांसाठी. नवा मुख्य प्रशिक्षक बहुधा आपलीच माणसं आणतो, आणि यांना पोराबाळांसकट बिऱ्हाड हलवावं लागतं. खेळाडूने संघात यावं म्हणून त्याच्या घरी, आईवडिलांसमोर बसून यांनी दिलेला शब्दही तिथेच राहतो.