गायकाचा आवाज मधोमध येत नाही, डावीकडे झुकतो

मंद्रसप्तक: स्टँडवर बुकशेल्फ स्पीकर आहेत, दोन्हींत २ मीटर अंतर. डाव्या स्पीकरशेजारी भिंत, उजवीकडची बाजू मोकळी. मागची भिंत २० सेंटीमीटरवर. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. गायक कायम जरा डावीकडे उभा वाटतो आणि सगळी वाद्यं एकाच रेषेत, पुढे-मागे अशी आवाजाला खोली म्हणून नाहीच. अँप्लिफायर बदलू का?

तारषड्ज: अँप्लिफायरला हात लावू नका. आधी एखादं मोनो ध्वनिमुद्रण लावा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येतो असं. आवाज एका जागी न थांबता खोलीभर पसरला आणि खर्ज पातळ लागला, तर एका स्पीकरच्या अधिक-उणे वायरींची अदलाबदल झालीय.

ते ठीक असेल तर मोजपट्टी घ्या. दोन्ही ट्वीटरपासून (स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) तुमच्या डोक्याच्या जागेपर्यंतचं अंतर सेंटीमीटरपर्यंत जुळलं पाहिजे. मधला गायक तिथे नसतोच हो, दोन्ही बाजूंनी तोच आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने आला की मेंदू त्याला मध्ये उभा करतो. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे ८ सेंटीमीटरचा फरक जवळपास पाव मिलिसेकंद. एवढ्यानेही प्रतिमा सरकते आणि फरक मिलिसेकंदाच्या आसपास गेला की आवाज जवळच्या स्पीकरलाच चिकटतो.

मग डावी भिंत. कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून त्यात डावा ट्वीटर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. बॅलन्सच्या बटणाने हा परावर्तित आवाज जात नाही.

निषाद: आवाजाच्या खोलीसाठी मी म्हणेन, आधी सोफा पुढे ओढा, मीटरभर तरी. डोक्यामागेच भिंत असली की तिचा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि मागचं-पुढचं कळेनासं होतं. स्पीकरही ६०-७० सेंटीमीटर पुढे घ्या. खर्ज थोडा कमी होईल, पण माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. तोंडं आत वळवताना दोन्हींच्या रेषा डोक्याच्या जरा मागे मिळतील असं ठेवून सुरुवात करा.

आणि मोनो गाण्यांत रुंदी शोधू नका, त्यात ती नसतेच. दोन मायक्रोफोनच्या जोडीने केलेलं मैफलीचं ध्वनिमुद्रण लावा, तिथे तबला गायकाच्या बाजूला किती मागे बसलाय तेसुद्धा ऐकू येतं.

मंद्रसप्तक: मोजलं. उजवा स्पीकर ७ सेंटीमीटर लांब होता. सारखा केल्यावर मोनो आवाज बरोबर मध्ये आलाय, फार आनंद झाला! सोफा मात्र अर्धा मीटरच पुढे येतोय. मध्ये काचेचं टीपॉय आहे, त्याचा त्रास होतो का?

तारषड्ज: होतो, काच वरचे स्वर सरळ कानाकडे फेकते. ऐकताना बाजूला सरकवा, नाहीतर जाड कापड घाला. सोफा तेवढाच येत असेल तर डोक्यामागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगून बघा.