ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी बोट भरतीला घ्यावी की ओहोटीला?

मुलुंडकर: येत्या फेब्रुवारीत आई-वडिलांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत नेण्याचा विचार आहे. भरतीला बोट आतपर्यंत जाते असे काही जण सांगतात, तर रोहित ओहोटीलाच दिसतात असे इतरांचे म्हणणे आहे. वयोमानामुळे दोघांना पुन्हा पुन्हा नेणे शक्य होणार नाही, म्हणून कोणती वेळ धरावी आणि रोहितांखेरीज काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठ: दोन्ही म्हणणी खरी आहेत. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालावर आणि मोठा रोहित चिखलातील बारीक जीवांवर जगतो. दोघेही उथळ पाण्यात चोच उलटी धरून अन्न गाळून घेतात. त्यामुळे उधाणाच्या भरतीत चिखल पूर्ण बुडाला की बरेच थवे नेरूळकडच्या पाणथळींवर विश्रांतीला जातात. उलट, पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर पसरलेले असतात, पण बोटीला पाणी उरत नाही. म्हणून भरती ओसरू लागल्यानंतरचा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो, कारण बोट तरंगण्याइतके पाणी असतानाच काठचा चिखल उघडा पडू लागतो आणि थवे तेथे उतरतात. शक्य झाल्यास सकाळ निवडा. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्याने पश्चिमेकडे पाहताना ऊन पाठीशी राहते आणि पंखांचा गुलाबी रंग खुलून दिसतो.

रोहितांच्या नादात कांदळवनाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्यामध्ये उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे), तसेच शेकाटे, चित्रबलाक आणि खंड्या हे पक्षी, असे सारे बोटीतून सहज दिसते. या कांदळवनात कोल्हेही आहेत, मात्र दिवसा त्यांचे दर्शन क्वचितच होते.

निवटी: वरील मताला जोड म्हणून आमच्याकडचा कोळ्यांचा हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे दशमीला साडेसात. तेव्हा भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि सकाळी साडेआठ-नऊपासून ओसरताना दिसते. खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोहोचते, हेही लक्षात घ्यावे आणि नोंदणीपूर्वी केंद्राकडे त्या दिवसाची वेळ विचारावी.

मुलुंडकर: मनापासून आभार. दशमीच्या आसपासची सकाळ पाहतो. बोट थव्याच्या किती जवळ नेण्यास सांगावे?

खाडीकाठ: जवळ नेण्यास सांगूच नये. थव्याने माना ताठ करून एकाच दिशेने चालायला सुरुवात केली, की तो अस्वस्थ झाला असे समजावे आणि बोट तेथेच थांबवण्यास सांगावे. उडत्या थव्याच्या छायाचित्रासाठी त्यांना मुद्दाम उठवणे मला अत्यंत अनुचित वाटते, कारण चरण्याचा मोजका वेळ आणि ताकद दोन्ही त्यात वाया जातात. 2015 पासून हे अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला आहे. आई-वडिलांसाठी एक चांगली दुर्बीण मात्र अवश्य सोबत घ्या.