पुरानंतर सर्व्हेयर यायच्या आधी दुकान धुवायचं की नाही?

बाजारपेठेतला (चिपळूण)
पाऊस लागला की हाच विषय निघतो म्हणून यंदा आधीच काढतोय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारात शिरली तेव्हा माझं कापडाचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरलं तर लाइट नाही, रेंज नाही, टोल फ्री नंबर लावणार कुठून, शेवटी तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मेव्हण्याने क्लेम नोंदवला. विमा कंपनी म्हणाली नुकसान मोजणारा सर्व्हेयर येईपर्यंत मालाला हात लावू नका. इकडे नगरपालिकेची माणसं दारात, चिखल आजच काढा नाहीतर रोगराई होईल. भिजलेल्या कापडाचा तिसऱ्या दिवशी काय वास येतो ते ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. सर्व्हेयर नवव्या दिवशी उगवला, तोवर निम्मा माल डंपरमधून गेलेला, आणि साहेब विचारतात माल दाखवा! अख्खी बाजारपेठ एका रात्रीत बुडते तेव्हा एकेक दुकान मोजत बसायचं नाटक कशाला? भिंतीवर पाण्याची रेघ आहे ना, तेवढ्या फुटांच्या हिशेबाने ठरलेली रक्कम आठवड्यात टाका खात्यात.

निवृत्त सर्व्हेयर
नववा दिवस म्हणजे उशीर झालाच, मान्य. पण त्या आठवड्यात हायवेचा वाशिष्ठीवरचा पूल खचलेला, रेल्वे बंद, पुण्या-कोल्हापुराहून बोलावलेली आमची माणसं घाटातून येणार कशी? आणि एकेकाच्या अंगावर चाळीस-पन्नास दुकानं. आता सर्व्हेयर 24 तासांत नेमा असा नियम आहे, पण नेमणं वेगळं आणि पोचणं वेगळं. गाड्या सोडून बाकी नुकसान एक लाखाच्या आत असेल तर लायसन्सवाला सर्व्हेयर लागतच नाही, कंपनी फोटोंवर निकाल देऊ शकते. गर्दी हटवायचा खरा मार्ग तो आहे, पाण्याची रेघ नव्हे. तुमच्या शेजारचं दुकान निम्मं रिकामं असेल तर त्यालाही तेवढेच देणार का?

कलमवाली (देवगड)
बाजारपेठवाल्यांनू, तुम्ही मागतास ती ठरलेली रक्कम आमच्याकडे आहेच की, हवामानावर आधारित फळपीक विमा. सर्व्हेयर नाही, पंचनामा नाही, महसूल मंडळातलं हवामान केंद्र सांगेल ते खरं. अवेळी पाऊस माझ्या बागेत पडला, मोहोर काळा पडला, आणि केंद्रावर थेंब नाही, मग मला मिळाला भोपळा. पलीकडच्या मंडळात ज्याचं काहीच गेलं नाही त्याच्या खात्यात पैसे. भांडायचं कोणाशी, त्या खांबाशी? तुमचा सर्व्हेयर निदान माणूस तरी आहे हो, त्याला चहा देऊन चार शब्द सांगता तरी येतात.

गणपतीला गावी
मी मुंबईत रीइन्शुरन्समध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या विम्यात, आहे म्हणून थोडं. लोकांना वाटतं एवढे क्लेम आले की कंपनीकडे पैसे संपतात म्हणून टाळतात. तसं नसतं. कंपनी स्वतःही विमा काढते, जीआयसी रीसारख्या कंपन्यांकडे. ठरलेल्या रकमेपर्यंत नुकसान तिचं, वरचं रीइन्शुरन्सवाल्याचं, आणि अख्ख्या शहराचा पूर ही एकच घटना धरली जाते. फक्त वरचा हिस्सा मागताना फाइल पक्की लागते, म्हणून कागदांचा हट्ट.

बाजारपेठेतला (चिपळूण)
वा! म्हणजे पैसे आहेत, तुमचा त्या रीवाल्याशी हिशेब व्हायचाय म्हणून मी दिवाळीपर्यंत दुकान बंद ठेवू? कामगारांचे पगार रीवाला देणार काय?

गणपतीला गावी
नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. दोघांच्या हिशेबासाठी गिऱ्हाइकाला थांबवायचं काही कारण नाही.

निवृत्त सर्व्हेयर
आणि थांबायची गरजही नसते. सर्व्हेयर अंतरिम अहवाल देतो आणि त्यावर काही रक्कम आधी सोडता येते, मोठ्या आपत्तीनंतर आयआरडीएआय, म्हणजे विम्याची नियामक संस्थाही, कंपन्यांना हेच सांगते. मी दिलेत असे अहवाल. पण शंभरातले नव्वद जण तलाठ्याचा पंचनामा घेऊन येतात, तो सरकारी मदतीसाठी असतो, विम्याला आधार म्हणून चालेल पण त्यावर क्लेम ठरत नाही. आणि दुकान धुवायचं की नाही विचारलंत तर खुशाल धुवा, पण आधी रेघेसकट व्हिडिओ काढा आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक ठाण बाजूला ठेवा.

बाजारपेठेतला (चिपळूण)
व्हिडिओ कशाने काढू, मोबाईल पण पाण्यातच गेला होता.

निवृत्त सर्व्हेयर
शेजाऱ्याच्या. बरं, खरं दुखणं सांगू? माल वीस लाखाचा, विमा दहाचा, नुकसान आठचं, तर हातात चारच पडतात. ॲव्हरेज लागतो, म्हणजे विमा जेवढा कमी त्या प्रमाणात क्लेम कापतात. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांच्या भारत सूक्ष्म उद्यम पॉलिसीत विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती कसर माफ आहे, पण निम्म्याला निम्मं कोण माफ करणार? तुमचा क्लेम कापला होता का?

बाजारपेठेतला (चिपळूण)
कापला. पॉलिसी बँकेने काढलेली, सीसी लोनच्या (धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) रकमेएवढी. मी ती पुरानंतर पहिल्यांदा बघितली. ही माझी चूक, लिहून देतो. पण नऊ दिवस ही माझी चूक नाही.

कलमवाली (देवगड)
यंदा वाढवलात काय मग?

बाजारपेठेतला (चिपळूण)
काल बँकेतून झेरॉक्स आणली. अजून तेवढीच आहे. माल किती आहे ते इथे लिहीत नाही, जीएसटीवाले पण वाचत असतील.