'शॉक वेव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ:
जळगावच्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान अंकासाठी लेख लिहिते आहे. पाण्यातून जाणाऱ्या 'शॉक वेव्ह'चा दाब काचेच्या तंतूने कसा मोजतात, हा विषय. मुतखडा फोडणारी यंत्रं अशीच तपासतात. मसुदा सासऱ्यांना वाचायला दिला, त्यांचा खडा याच पद्धतीने फोडलेला. ते म्हणाले, "म्हणजे पाण्यात करंट सोडतात, तो मोजायचा?" आपल्याकडे 'शॉक देऊन खडा फोडला' असंच बोलतात आणि शॉक म्हटला की विजेचाच. तेव्हा 'शॉक' काढायचं ठरवलंय. 'धक्कातरंग' कसा वाटतो? शिवाय दाब एकदम उभा चढतो, त्या पुढच्या कडेला काय म्हणू?

भुसावळकर:
धक्कातरंग नको. 'पाण्यातील धक्कातरंग' म्हटलं की भाऊच्या धक्क्यावर आपटणाऱ्या लाटा डोळ्यांपुढे येतात. 'आघाततरंग' घ्या, शुद्ध आणि भारदस्त.

सातपुडा:
हिंदीत 'प्रघाती तरंग' रूढ आहे. तोच उचलावा, नवा घडवायचा खटाटोप कशाला?

भुसावळकर:
मराठीत प्रघात म्हणजे रीत, पायंडा. प्रघाती तरंग म्हणजे चालत आलेला तरंग असा अर्थ होईल.

केळीबाग:
'आघात' तरी कुठे नेमका आहे? तबला-पखवाज आघातवाद्यं, घरात कुणी गेलं तर कुटुंबावर आघात. आमच्या यावलकडे विहिरीत सुरुंग उडाला की 'दणका' म्हणतात. लहानपणी बांधावर अनवाणी उभा होतो, तर कानाला आवाज यायच्या आधी तळपायाला दणका बसला. आजोबा म्हणाले, "बसना का रे भो दणका?" ज्यांनी तो खाल्लाय त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. 'दणकालाट' लिहा, ताई.

काचतंतू:
केळीबाग भाऊ, अनुभव खरा आहे. खडकातून कंप हवेपेक्षा कितीतरी लवकर येतो, म्हणून पाय कानाच्या आधी सांगतात. पण बांधापर्यंत पोचलेला तो कंपच, ताईंना हवी ती चीज वेगळी. पाण्यात साधा आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. दाब प्रचंड असला की दाबलेल्या पाण्यात वेग आणखी वाढतो, त्यामुळे लाटेचा माथा पायथ्याला गाठतो आणि पुढची बाजू भिंतीसारखी उभी होते. खडा फोडताना हा दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो आणि चढायला काही नॅनोसेकंदच लागतात. मागोमाग पाणी ताणलं जातं, त्यात बुडबुडे होतात, ते मिटताना नाजूक संवेदकाची चाळणी करतात.

म्हणून काचेचा तंतू. जाडी जेमतेम मिलिमीटरचा आठवा भाग. उघडं टोक पाण्यात, दुसऱ्या बाजूने लेसर. काचेचा अपवर्तनांक (आत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) १.४६, पाण्याचा १.३३, या फरकामुळे टोकावरून प्रकाशाचा साधारण ०.२ टक्का परत येतो. दाब वाढला की पाणी दाट होतं, त्याचा अंक काचेच्या जवळ सरकतो आणि परतणारा प्रकाश कमी होतो. पाणी ताणलं गेलं की उलट. टोक फुटलं तर तेवढंच छाटून नवं करायचं. जर्मनीतल्या स्टाउडेनराउस आणि आयझेनमेंगर यांनी १९९३ साली ही रीत सविस्तर मांडली. सगळा जीव त्या उभ्या चढात आहे, शब्दात तो दिसला पाहिजे. दणक्यात जोर येतो, चढ येत नाही.

भुसावळकर:
माहिती उत्तम. पण ताईंनी 'मुतखडा' नव्हे, 'अश्मरी' लिहावं. आणि 'फायबर' आलं असेल तर 'प्रकाशतंतू' करावं. विज्ञान अंक आहे तो.

केळीबाग:
अश्मरी! ज्याला रात्री अडीचला कळ येते तो डॉक्टरला फोन करून 'अश्मरी' म्हणतो का? आणि प्रकाशतंतू म्हणजे आमच्या शाळेत बल्बातली तार. रस्त्याकडेला चर खणून टाकतात तिला अख्खा जिल्हा फायबर म्हणतो. शब्द लोकांचा असतो.

भुसावळकर:
लोकांवरच सोडलं म्हणून तर 'शॉक'चा करंट झाला. ताईंचा प्रश्न तिथूनच निघाला ना?

गिरणाकाठ:
मुतखडा राहणारच, सासऱ्यांनाही तोच कळतो. पण त्या कडेचं काय? 'तरंगाग्र' लिहिलंय, पटत नाहीये.

सातपुडा:
सुरुंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तो शब्द ग्रीक 'सिरिंक्स'वरून आलाय, म्हणजे नळी किंवा बोगदा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुंगा' भुयाराच्या अर्थाने आहे. हिंदीत आजही सुरंग म्हणजे बोगदाच.

भुसावळकर:
संस्कृतात आहे म्हणता, मग ग्रीकांनी आपल्याकडून नेला नसेल कशावरून?

सातपुडा:
ग्रीकमध्ये तो पार होमरपासून सापडतो, संस्कृतात बराच उशिरा. शिवाय संस्कृत धातूवरून त्याची सरळ फोड होत नाही.

केळीबाग:
ग्रीक का असेना, पण भुयाराचा अर्थ आमच्याकडे अजून जिवंत आहे. विहिरीवरचे कामगार पहारीने खडकात भोक पाडतात, मग म्हणतात 'सुरुंग भरा'. भरायचं ते भोकच, दारू नंतर येते. बुरुजाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायचे, तिथूनच भोकाचं नाव स्फोटाला गेलं असणार. नंदुरबारकडे त्या भोकाला वेगळा शब्द आहे का, कुणी सांगेल?