भाच्याचा ‘फुकट’ आयफोन आणि गोलाणीतला हप्त्याचा फोन

बी-२०३ नाना: सोसायटीतल्या मंडळींनो, भाचा दिवाळीला अमेरिकेहून येतोय. म्हणतो, मामा, इकडे सिम कंपनीच्या प्लॅनवर आयफोन १७ फुकट पडतो, तोच तुम्हाला आणतो. शिवाय लेकाला एक साधा अँड्रॉइड घ्यायचाय, दुकानदार फायनान्सवर देतो म्हणतो. दोन्हीकडे काय बघून घ्यावं? जाणकारांनी सांगा.

डी-१०२ भाऊ: नाना, भाच्याला आजच फोन करा आणि प्लॅनवरचा घेऊ नको म्हणा. तिकडचा ‘फुकट’ असा असतो: फोनची किंमत ७९९ डॉलर, ती बऱ्याच ठिकाणी ३६ महिन्यांत वाटतात. दर महिन्याच्या बिलात साधारण २२ डॉलर हप्ता लागतो आणि तेवढीच रक्कम सूट म्हणून वजा होते. सूट मिळते ती त्याच कंपनीच्या ठरलेल्या प्लॅनवर राहिलं तर. वर्षभराने लाइन बंद केली की सूट थांबते आणि उरलेले २४ हप्ते, म्हणजे सुमारे ५३३ डॉलर, एकदम मागतात.

डी-१०२ भाऊ: आणि तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. पैसे फिटेपर्यंत फोन त्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला. एटी अँड टीचा नियम म्हणजे पूर्ण पैसे भरलेले हवेत आणि फोन त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चाललेला हवा. टी-मोबाइलच्या पोस्टपेडला ४० दिवस, पैसे पूर्ण भरणं तिथेही आलंच. दिवाळीला हातात आला तरी जळगावात तो जिओ-एअरटेल काही घेणार नाही. वाय-फायवर फोटो काढत बसा.

बी-२०३ नाना: आपल्या गोलाणी मार्केटमध्ये अनलॉक करून देतात म्हणे?

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): नाना, जुन्या आयफोनला सिमच्या खाली पातळ चिप बसवायचे, आर-सिम म्हणतात तिला. ती फोनला फसवते, कुलूप काही निघत नाही. आयओएस अपडेट आलं की नेटवर्क गायब, गिऱ्हाईक परत दारात. आणि २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं सिम. चिप बसवणार कुठे?

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): खरं अनलॉक ॲपलच्या सर्व्हरवर होतं, तेही ज्या कंपनीचं कुलूप आहे तिने सांगितल्यावर. दुकानात पाच हजारांत ‘सर्व्हर अनलॉक’ म्हणतात, ते पैसे बहुतेक वेळा बुडतात. तिकडच्या अँड्रॉइडला काही वेळा कोड टाकून कुलूप निघतं, पण चुकीचा कोड किती वेळा टाकता येईल याला मर्यादा असते. ती संपली की कायमचं बसलं. ‘ट्राय करून बघू’ म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका.

सी-१०१ ताई (बँक): मग भाच्याने नेमकं काय करायचं ते सांगा ना. नानांना तेच हवंय.

डी-१०२ भाऊ: ॲपलच्या साइटवर किंवा ॲपलच्याच दुकानात पूर्ण पैसे भरून घ्यायचा. खरेदी करताना कोणती कंपनी जोडायची ते विचारतात, तिथे ‘कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर’ निवडायचं. सिम कंपनीच्या शोरूममधून रोख घेतला तरी कुलूप लागलेलं असू शकतं, म्हणून तिकडे जायचंच नाही. फोन हातात आला की सेटिंग्ज, जनरल, अबाऊट उघडून खाली ‘कॅरिअर लॉक’ बघायचं. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं पाहिजे. ‘सिम लॉक्ड’ दिसलं तर तिथेच परत करायचा. स्क्रीनशॉट मागवून घ्या आणि त्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबरही दिसू द्या, नाहीतर दुसऱ्याच फोनचा यायचा.

ई-२०१ जिभाऊ: भाऊ, पण रोख लिधा तर वाचस काय?

डी-१०२ भाऊ: फार नाही जिभाऊ. कंपनी न जोडता घेतला तर किंमत थोडी वेगळी असू शकते, तरी ७९९ डॉलरच धरू. त्यावर तिकडचा विक्रीकर वेगळा, राज्यागणिक बदलतो. ओरेगॉनमध्ये शून्य, कॅलिफोर्नियात सव्वासात टक्क्यांपासून पुढे. ८ टक्के धरला तर ८६३ डॉलर. डॉलर ९० रुपये धरा, झाले ७७,७०० च्या आसपास. इकडे आयफोन १७ बाजारात आला तेव्हा किंमत ८२,९०० होती. फरक पाच हजारांचा. इकडे बँकेच्या कार्डावर सूट मिळाली तर तोही गेला.

ई-२०१ जिभाऊ: मंग इतली उठाठेव कसाले? हाई घ्या आठेच.

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): जिभाऊंचं मलाही पटतं, आणि मी दुकानदार म्हणून नाही सांगत 😄 वॉरंटी बघा. ॲपल अटींमध्येच आयफोनची सेवा ज्या देशात विकला त्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क राखून ठेवतं. अमेरिकन मॉडेल हे बिनट्रेचं, इकडे विकलं जातं ते वेगळं. काही बिघडलं तर पार्टसाठी थांबावं लागू शकतं. मॉडेल नंबरच्या शेवटी कळतं: एचएन/ए म्हणजे भारत, एलएल/ए अमेरिका, एई/ए दुबई, जे/ए जपान. जपानच्या फोनला फोटो काढताना ‘खटक’ आवाज येतो, तो बंद करता येईलच असं नाही. लग्नकार्यात मंगलाष्टकांच्या मधे खटक खटक चालू.

डी-१०२ भाऊ: अँड्रॉइड आणणार असेल तर आणखी सांभाळून. कुलूप नसलं तरी जिओवर कॉल लागेलच असं नाही. जिओचं २जी-३जी नाहीच, कॉल सगळा व्होल्टीवर, म्हणजे ४जीच्या नेटवरून. तिकडच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्या फोनमध्ये भारतीय नेटवर्कचं व्होल्टी बरेचदा चालू नसतं, मग नेट चालतं आणि कॉल लागत नाही. लोक सिमला दोष देतात आणि कंपनीच्या गॅलरीत जाऊन सिम बदलून आणतात, फरक पडत नाही. दुसरं म्हणजे बँड, नेटवर्क ज्या लहरींवर चालतं ते पट्टे. जिओच्या ४जीला ३, ५ आणि ४० लागतात. ५जीला एन२८ आणि एन७८, एअरटेलला मुख्यतः एन७८. सॅमसंगच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो अमेरिकन कंपनीचा, ‘यू१’ म्हणजे तिकडचा बिनकुलपाचा. ‘यू१’ घेतला तरी बँडची यादी वाचूनच.

सी-१०१ ताई (बँक): आपल्याकडे हे सिमचं कुलूप का नाही रुजलं हो? सहज विचारते.

डी-१०२ भाऊ: आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेडवाले, महिन्याचं बिलच नाही, मग हप्ता वसूल कशातून करणार? प्रयोग झाले. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन दिला होता, तो सीडीएमए, दुसऱ्या कंपनीला त्यात जागाच नव्हती. २००८ मध्ये आयफोन ३जी एअरटेल आणि व्होडाफोनने आणला, ८ जीबीचा ३१,००० ला, तोही कंपनीला बांधलेला. इतके पैसे पूर्ण मोजून वर कुलूप, म्हणून लोकांनी नाक मुरडलं. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर पोर्ट करायची सोय झाली आणि एकाच कंपनीला बांधून घ्यायचं कारण आणखी कमी झालं.

ई-२०१ जिभाऊ: तोरणमाळले जावो तं बठ्ठ्या कंपन्या सारख्याच 😂

डी-१०२ भाऊ: म्हणूनच तर जिभाऊ. सातपुड्याच्या कडेला धडगाव, अक्कलकुवा, यावल-चोपड्याचा वरचा भाग, तिथे ज्याची रेंज मिळेल त्याचं सिम टाकावं लागतं. बिनकुलपाच्या ड्युअल सिम फोनला ते जमतं.

बी-२०३ नाना: भाच्याला सांगतो. आता लेकाच्या फोनचं बोला. दुकानदार म्हणतो फायनान्सचा फोन अनलॉक्डच असतो.

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): सिमचं कुलूप नसतं हे खरं. हप्त्याचं असू शकतं, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. फोन विकताना दुकानात अनेकदा त्यात लॉकचं सॉफ्टवेअर चढवतात. सॅमसंगला नॉक्स गार्ड असतं, इतर अँड्रॉइडला डिव्हाइस लॉक कंट्रोलर किंवा फायनान्स कंपनीचं स्वतःचं ॲप. हप्ता चुकला की आधी स्क्रीनवर सूचना, मग वॉलपेपर बदलतो, मग फोनच बंद. फॅक्टरी रिसेटने ते जात नाही, नेट जोडलं की परत येऊन बसतं. म्हणून कर्जाच्या कागदात लॉकची अट आहे का ते वाचा, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर लॉक किती दिवसांत काढणार ते विचारा. मग एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायचा. एनओसी नसेल तर पुढे फोन विकताना भाव पडतो.

सी-१०१ ताई (बँक): हप्त्याचा हिशेब मी सांगते. दुकानात सांगतील, २० हजारांचं कर्ज, महिना १,९०० प्रमाणे १२ हप्ते, व्याज फक्त १४ टक्के. २,८०० रुपये जास्त गेले, ते २० हजारांच्या १४ टक्के, गणित बरोबर वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण २० हजारांवर लावलेलं. खरा दर २५ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी धरली तर त्याहून वर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचा कागद, द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाची ओळ शोधा, तोच खरा दर. दुकानदार टॅबवर अंगठा-ओटीपी घेऊन मोकळा होतो, कागद कोणी मागत नाही. मागा.

सी-१०१ ताई (बँक): ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ता असेल तरी फी आणि विमा बघा. विम्याचा डबा बरेचदा आधीच टिक केलेला असतो. आणि हप्त्याची तारीख. ज्यांचा पैसा कापूस-केळीच्या हंगामावर येतो त्यांच्या खात्यात ५ तारखेला दर महिन्याला पैसे असतीलच असं नाही. हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा, आणि सिबिलवर नोंद. उद्या ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला ती नोंद आडवी येते.

बी-२०३ नाना: म्हणजे लेकाला जुना रोखीत घेऊन द्यावा का?

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): घ्या, पण तपासून. जुन्या फोनला चार निरनिराळी कुलपं असू शकतात आणि दुकानदार ‘अनलॉक्ड आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फक्त सिमचं असतं. सिमचं, हप्त्याचं, आधीच्या मालकाच्या गुगल किंवा ॲपल खात्याचं, आणि चौथं म्हणजे चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला आयएमईआय.

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): तिथेच उभं राहून *#०६# डायल करा. १५ अंकी आयएमईआय दिसेल, ड्युअल सिमला दोन. डबा, बिल आणि स्क्रीन तिन्हीकडे तोच हवा. मग केवायएम हे इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ ला मेसेज करा. सरकारच्या संचार साथी साइटवरही होतं. उत्तरात ‘ब्लॅक-लिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर फोन खाली ठेवून निघायचं. ‘आयएमईआय बदलून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): त्यानंतर मालकाला आपल्यासमोर त्याचं खातं काढायला लावा, फॅक्टरी रिसेट करा आणि मोबाईलचं नेट देऊन होम स्क्रीनपर्यंत सेटअप पुरा करा. बरेच जण रिसेट झाल्यावर ‘हॅलो’ची स्क्रीन बघून पैसे देतात. हप्त्याचं आणि खात्याचं कुलूप नेट जोडल्यावरच उघडं पडतं. मग सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ बघा, तिथे फायनान्सचं नाव असेल तर एनओसीशिवाय नको. शेवटी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम टाकून एकेक कॉल करून बघा, एक जिओचं घ्या म्हणजे व्होल्टीही तपासलं जातं.

ई-२०१ जिभाऊ: दादा, नवा सॅमसंगना डबावर ‘पाच मिनिट कॉल करा’ असं लिखेल ऱ्हास, ते काय शे?

ए-३०४ दादा (मोबाईल दुकान): ते प्रदेशाचं बंधन जिभाऊ. सुरुवातीचे पाच मिनिटं कॉल इथल्याच सिमवरून करायचे, मग बाहेरच्या देशातलं सिमही चालतं. फोन परदेशी पाठवायचा असेल तर पाठवण्याआधी इथे करून टाका.

बी-२०३ नाना: समजा भाच्याने रोखीचा आणलाच. त्यात माझं जिओचं सिम कसं जाणार, ट्रे नाही म्हणता?

डी-१०२ भाऊ: ई-सिम करून. नव्या फोनवर *#०६# केलं की आयएमईआयबरोबर ३२ अंकी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांकही दिसतो. जुन्या फोनमधून, सध्याच्या सिमवरून, १९९ ला इंग्रजी अक्षरांत मेसेज: गेटईसिम, जागा, ईआयडी, जागा, आयएमईआय. उत्तरात १९ अंकी ई-सिम क्रमांक आणि पुढची पायरी येते. नव्या फोनला तेव्हा वाय-फाय जोडलेलं हवं, प्रोफाईल नेटवरून उतरतं. एअरटेलला १२१ वर ईसिम लिहून नोंदवलेला ईमेल पाठवायचा आणि विचारणा आली की ६० सेकंदांत १ असं उत्तर द्यायचं, उशीर झाला की पहिल्यापासून. क्यूआर कोड किंवा तो १९ अंकी नंबर कोणी फोनवर मागितला तर देऊ नका, नंबरच त्याच्याकडे जाईल. आणि स्क्रीन फुटली तर साध्या सिमसारखं काढून जुन्या फोनात टाकता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सी-१०१ ताई (बँक): सिम बदललं की २४ तास मेसेज बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. त्या दिवशी कोणाचे पैसे द्यायचे ठेवू नका.

सचिव: नाना, मग मेंटेनन्स ई-सिमच्या आधी भरून टाका 🙏

बी-२०३ नाना: भाच्याला सगळं पाठवलं. तो विचारतोय, मग इथलाच घ्या, पैसे पाठवू का?

ई-२०१ जिभाऊ: धाडू दे, धाडू दे!