गळीत हंगामाआधी ट्रक ड्रायव्हरांना ट्रेनिंग सक्तीचं करा, की आधी मालकांना धरा?

रानवाट:
ऊसतोड सुरू झाली की सांगली-कोल्हापूर पट्ट्यात रात्री गाडी चालवायची भीती वाटते. पुढे उसाचा ट्रक चाललाय हे पार जवळ गेल्यावर कळतं, कारण ऊस मागे एवढा बाहेर आलेला असतो की टेललाईट, रिफ्लेक्टर सगळं झाकून जातं आणि उरलेल्यावर चिखल. माझं मत आहे की हंगामाआधी प्रत्येक ड्रायव्हरला एक दिवसाचं ट्रेनिंग द्याच, पण वर्गात बसवून पाट्या दाखवायचं नको. अंधार पडल्यावर भरलेली गाडी कडेला लावा, ड्रायव्हरला शंभर पावलं मागे न्या आणि विचारा, दिसते का तुमची गाडी? मग रिफ्लेक्टर टेप पुसून, उसाच्या टोकाला रिफ्लेक्टर बांधून परत दाखवा. दुसरं म्हणजे त्याला सीटवर बसवून डाव्या दाराखाली मोटरसायकल आणि बंपरला चिकटून माणूस उभा करा, आरशात काय दिसतं ते त्यालाच सांगू दे.

बारा चाकी:
दादा, ड्रायव्हरला सगळं दिसतं हो. टेप फाटली म्हणून सांगितलं तर मालक म्हणतो पुढच्या पासिंगला बघू. दिवसाला आठ तास काम हे मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यापासून लिहिलेलं आहे, आणि आम्ही कारखान्यावर नंबर लावून रात्रभर जागायचं, वजनकाटा झाला की तसंच परत फडात. झोपेनं डोळे मिटतायत त्या माणसाला धोका ओळखायला काय शिकवणार? गाडी बंद पडली तर कडेला घ्यायला जागा नाही, साईडपट्टी खचलेली, म्हणून मागे दगड लावतो, फांद्या टाकतो.

रानवाट:
त्या दगडांचंच बोलतोय मी. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथंच राहतात आणि रात्री टू-व्हीलरवाला त्यावर आपटतो. हे तर मालकाच्या हातात नाही ना?

कात्रजकर:
मला पटत नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने बऱ्याच गाड्यांना ठोकलं, त्यानंतरही तिथले अपघात थांबलेले नाहीत. एकाच उतारावर सारखं होतंय म्हटल्यावर आधी रस्ता नीट करा, दर वेळी ड्रायव्हरच्या माथी कशाला मारता?

गॅरेजवाला:
उतार वाईट आहे, मान्य. पण डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे रोज बघतो मी. गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर, लायनर तापले की पाय कितीही दाबा गाडी थांबत नाही. त्यात कोणी इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबला, मग प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते. नवीन पोरांना हवेचा काटा किती खाली आला की थांबायचं हेसुद्धा माहीत नसतं, उस्ताद न्यूट्रल मारायचा म्हणून हाही मारतो. टेपचंही तेच, मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, पण लोक हाताला येईल ती चिकटवतात. पेट्रोल, केमिकलच्या टँकरवाल्यांना तीन दिवसांचं ट्रेनिंग नियमानंच लागतं, मग उसाच्या गाडीला एक दिवस का नको?

बारा चाकी:
तेच सांगतोय भाऊ, माझ्या ओळखीत लोकांनी फोटो देऊन ते सर्टिफिकेट घेतलंय, वर्गाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. सक्ती केली की तुमच्या ट्रेनिंगचंही असंच होणार.

रानवाट:
म्हणून तर म्हणतो कारखान्याच्या यार्डातच घ्या. गाड्या तिथं येतातच, अंधारही फुकट आहे. आणि टोकाला रिफ्लेक्टर नसेल तर काट्यावर गाडीच घेऊ नका, मग मालक आपोआप खर्च करेल.

कात्रजकर:
ही काट्याची अट आवडली, पण उताराबद्दल माझं मत तेच आहे.

बारा चाकी:
काट्यावर अडवलं तर खोळंबा आमचाच होणार, मालक घरी झोपलेला असतो. त्यापेक्षा त्यालाही रात्री त्या शंभर पावलांवर आणून उभं करा. त्या दिवसाचा भत्ता देणार असाल तर आमच्या गावची ड्रायव्हर पोरं मी घेऊन येतो, पण तारीख मोळी पडायच्या, म्हणजे कारखाना सुरू व्हायच्या आधीची ठेवा, नंतर एकालाही वेळ मिळायचा नाही.